सुहास शिरवळकर यांचे साहित्य : प्रकारभेद आणि वाचकचर्चा

सुहास शिरवळकर (१५ नोव्हेंबर १९४८ – ११ जुलै २००३) हे पुण्यातील मराठी कादंबरीकार व कथाकार होते. वाचकांमध्ये ते 'सुशि' या संक्षिप्त नावाने ओळखले जातात. १९७० च्या दशकात रहस्य व गुन्हेगारी कथांपासून सुरू झालेले त्यांचे लेखन पुढे महाविद्यालयीन जीवन, प्रेम, कुटुंब, सामाजिक प्रश्न आणि नियती अशा विषयांकडे वळले. 'दुनियादारी' आणि 'समांतर' या त्यांच्या सर्वांत परिचित कादंबऱ्या होत.

एकाच लेखकाने इतक्या भिन्न प्रकारांत लेखन केल्यामुळे त्यांच्या वाचकांमध्ये एक वाद दीर्घकाळ चालत आला आहे. शिरवळकर हे मुळात रहस्यकथाकार असून सामाजिक कादंबरी हा त्यांच्या लेखनाचा उत्तरार्ध होता काय? की रहस्यकथा ही केवळ उमेदवारी होती आणि खरा लेखक 'दुनियादारी'पासून दिसू लागतो? की दोन्हींमागे एकच लेखनदृष्टी आहे? हा वाद एका लेखकापुरता मर्यादित नाही. मराठीत 'रंजनपर' आणि 'वाङ्मयीन' अशी जी विभागणी रूढ आहे, ती कितपत टिकते याची कसोटीही त्यात लागते. लेखकाची कोणती पुस्तके पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतात हेही त्या विभागणीवर अवलंबून राहते.

पार्श्वभूमी : मराठीतील रहस्यकथा

मराठीत रहस्यप्रधान कादंबरीचा पाया विसाव्या शतकाच्या आरंभी घातला गेला. गो. ना. दातार (१८७३–१९४१) यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स यांच्या कथानकांना मराठी आणि ऐतिहासिक पेहराव चढवून 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा', 'बंधुद्वेष' यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या. भुयारे, वेषांतरे, कारस्थाने आणि अखेरीस उलगडणारी गुपिते ही त्यांची वैशिष्ट्ये होती.

त्यानंतर या प्रकाराला घरोघरी नेले ते बाबुराव अर्नाळकर यांनी. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६). झुंजार, काळापहाड, धनंजय व त्याचा सहकारी छोटू हे त्यांचे नायक कित्येक दशके मराठी वाचकांच्या परिचयाचे राहिले. अर्नाळकरांच्या रहस्यकथांची संख्या एक हजाराहून अधिक असून या विक्रमाची दखल गिनीज बुकाने घेतली होती. सर्वसामान्य वाचकाला वाचनाची गोडी लावणारा लेखक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते; मात्र वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत त्यांच्या वाट्याला फार थोडी जागा आली.

१९६० आणि १९७० च्या दशकांत गुरुनाथ नाईक, श्रीकांत सिनकर, नारायण धारप आदी लेखकांनी या क्षेत्राला निरनिराळी वळणे दिली. सिनकर यांनी पोलीस तपासातील प्रत्यक्ष प्रकरणांवर आधारित कथा लिहिल्या, तर धारप यांनी भयकथेचा स्वतंत्र प्रांत उभा केला. शिरवळकर यांचा लेखनारंभ याच वातावरणात झाला. वाचक तयार होता, नायकप्रधान मालिकांची सवय होती आणि दरमहा नव्या पुस्तकाची मागणी होती.

वाचनालयांची भूमिका

या साहित्याचा वाचकवर्ग प्रामुख्याने खासगी वाचनालयांनी घडवला. मुंबईतील गिरगाव-दादर, पुण्यातील पेठा आणि तालुक्याच्या गावांतील लहान दुकाने येथे अनामत रक्कम ठेवून पुस्तके भाड्याने मिळत. स्वस्त कागद, आटोपशीर आकार आणि लक्षवेधी मुखपृष्ठ हे या पुस्तकांचे बाह्य रूप होते. पुस्तक विकत घेण्याऐवजी एका दिवसात वाचून परत करण्याकडे वाचकाचा कल असे, कारण भाडे दिवसावर आकारले जाई.

या व्यवस्थेचा लेखनाच्या घडणीवरही परिणाम झाला. एका बैठकीत संपेल एवढी लांबी, पहिल्याच पानावर घटनेची सुरुवात, लहान परिच्छेद, संवादांचे मोठे प्रमाण आणि प्रकरणाच्या शेवटी वाचकाला खिळवून ठेवणारा प्रसंग ही वैशिष्ट्ये त्यातून रूढ झाली. वाचनालयातील मांडणीही प्रकारानुसार असे. रहस्यकथा एका फळीवर, सामाजिक कादंबऱ्या दुसऱ्या फळीवर आणि ललित लेख तिसऱ्या फळीवर ठेवले जात. एकाच लेखकाची पुस्तके दोन फळ्यांवर गेली की त्याचे वाचकही दोन गटांत विभागले जाणे स्वाभाविक होते. शिरवळकर यांच्याबाबतीत नेमके हेच घडले.

लेखनाचे प्रकार

रहस्य व गुन्हेगारी कथा

शिरवळकर यांच्या रहस्यकथा मुख्यतः मालिकांच्या स्वरूपात आहेत. दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि बॅरिस्टर अमर विश्वास हे त्यांचे प्रमुख मालिकानायक होत. एकाच साच्यातील नायकाच्या आवृत्त्या काढण्याऐवजी त्यांनी प्रत्येक नायकासाठी वेगळे वातावरण आणि वेगळी कथनपद्धती योजली. दारा बुलंदच्या कथांत साहसाला प्राधान्य आहे, तर अमर विश्वासच्या कथांत वकिली युक्तिवादाला महत्त्व आहे. त्यामुळे 'रहस्यकथा' या एकाच नावाखालीही त्यांच्या लेखनात उपप्रकार दिसतात, आणि चाहत्यांची पसंतीही नायकानुसार विभागलेली आढळते.

या कथांतील नायक कायद्याच्या बाजूने असतातच असे नाही. मात्र शब्द पाळणे, मित्राला दगा न देणे आणि दुर्बळाची बाजू घेणे अशी त्यांची स्वतःची एक आचारसंहिता असते. शिरवळकर यांच्या पुढील लेखनाच्या दृष्टीने हा घटक महत्त्वाचा मानला जातो.

महाविद्यालयीन व सामाजिक कादंबरी

१९८० च्या दशकापासून शिरवळकर यांची ओळख प्रामुख्याने 'दुनियादारी' या कादंबरीशी जोडली गेली. पुण्यात महाविद्यालयीन शिक्षणासाठी आलेला श्रेयस तळवलकर, कट्ट्यावरील टोळक्याचा म्होरक्या दिग्या, शिरीन, मिनू, आणि आयुष्यातील अपयश दारूत बुडवणारा श्रोत्री ही त्यातील प्रमुख पात्रे. आईवडिलांच्या विसंवादी संसारातून आलेल्या तरुणाला मित्रांच्या टोळक्यात घर सापडते, आणि त्याच टोळक्यामुळे जगण्याची किंमतही कळते, हा कादंबरीचा गाभा आहे. तरुणांची प्रत्यक्ष बोलीभाषा, त्यातील शिव्या, हिंदी-इंग्रजी शब्द आणि चेष्टामस्करी कादंबरीत जशीच्या तशी उतरली आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी ही कादंबरी एकमेकांकडून मागून वाचली.

'बरसात चांदण्याची', 'कोवळीक', 'झलक', 'क्षितिज', 'तलखी', 'वेशीपलीकडे', 'सॉरी सर' ही त्यांची इतर काही पुस्तके होत. प्रेमसंबंध, विवाह, एकाकीपणा आणि सामाजिक दडपण अशा विषयांचा विस्तार त्यांच्या या टप्प्यातील लेखनात दिसतो.

नियती व गूढ

'समांतर' ही कादंबरी वरील दोन्ही वर्गांत पूर्णपणे बसत नाही. कुमार महाजन या त्रस्त तरुणाला एका ज्योतिष्याकडून कळते की, त्याच्या हातावरील रेषा दुसऱ्या एका माणसाच्या रेषांशी तंतोतंत जुळतात. सुदर्शन चक्रपाणी हा तो माणूस. चक्रपाणी जे जगून चुकला तेच कुमारच्या वाट्याला येणार असेल, तर त्याचा भूतकाळ हा कुमारचा भविष्यकाळ ठरतो. कथेची बांधणी शोधकथेची आहे. परंतु येथे शोध गुन्हेगाराचा नसून स्वतःच्या उद्याचा आहे. पुढे काय होणार हे कळल्यानंतर माणूस मुक्त राहतो की अधिकच बांधला जातो, हा प्रश्न कादंबरी वाचकापुढे ठेवते.

वाचकांमधील वाद

शिरवळकर यांच्या लेखनाविषयी वाचकांत आढळणाऱ्या भूमिका स्थूलमानाने चार गटांत मांडता येतात.

पहिली भूमिका : दोन लेखक

या मतानुसार रहस्यकथाकार शिरवळकर आणि कादंबरीकार शिरवळकर हे जवळजवळ दोन स्वतंत्र लेखक आहेत. रहस्यकथा या बाजाराच्या मागणीनुसार, ठरावीक मुदतीत आणि ठरावीक पृष्ठसंख्येत लिहिल्या गेल्या. त्यांत लेखकाचा स्वतःचा अनुभव क्वचितच उतरला. 'दुनियादारी'त मात्र लेखक प्रथमच ओळखीच्या शहराकडे, ओळखीच्या माणसांकडे वळला. या गटातील वाचक रहस्यकथांना उमेदवारी समजतात आणि त्यांच्यामुळे लेखकाच्या गंभीर कादंबऱ्यांकडे समीक्षकांनी पाठ फिरवली, अशी खंत व्यक्त करतात.

दुसरी भूमिका : रहस्यकथा हेच बलस्थान

दुसरा गट याच्या नेमका उलट विचार करतो. दारा बुलंद किंवा फिरोज इराणी यांच्या कथा किशोरवयात वाचलेल्या वाचकांच्या मते शिरवळकर यांची खरी ताकद वेग, वातावरणनिर्मिती आणि कथानकावरील पकड यांत आहे. सामाजिक कादंबऱ्यांत ही पकड सैल होते, भावुकता वाढते आणि पात्रे तत्त्वचिंतनपर वाक्ये बोलू लागतात, असा त्यांचा आक्षेप असतो. रहस्यकथा लिहिणे सोपे असते हा समजच चुकीचा असून, सुगावे योग्य ठिकाणी पेरणे, ते लपवणे आणि अखेरीस वाचकाची फसवणूक न करता उलगडणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, याकडे हा गट लक्ष वेधतो.

तिसरी भूमिका : एकच लेखनदृष्टी

तिसऱ्या मतानुसार प्रकार बदलला तरी लेखक बदललेला नाही. याच्या पुष्ट्यर्थ तीन गोष्टी मांडल्या जातात. पहिली, तंत्र : माहिती रोखून धरणे, संवादातून स्वभाव उघड करणे आणि प्रकरणाच्या अखेरीस कलाटणी देणे ही रहस्यकथेत कमावलेली साधने सामाजिक कादंबऱ्यांतही तशीच वापरलेली दिसतात. श्रेयसच्या घरातील ताणाची कारणे वाचकाला एकदम न कळता टप्प्याटप्प्याने कळतात, हे त्याचे उदाहरण होय. दुसरी, नीती : दिग्या आणि त्याच्या कट्ट्याची मैत्रीची संहिता ही साहसकथांतील नायकांच्या संहितेचीच महाविद्यालयीन आवृत्ती आहे. कायदा, घर आणि संस्था अपुऱ्या पडतात तेव्हा माणूस दिलेल्या शब्दाला धरून राहतो, ही कल्पना दोन्हीकडे समान आहे. तिसरी, 'समांतर' : ही कादंबरी रहस्यकथेची रचना आणि तात्त्विक प्रश्न यांना एकत्र आणते, त्यामुळे दोन फळ्यांमधील भिंत लेखकानेच पाडली, असे म्हटले जाते.

चौथी भूमिका : टीका

चाहत्यांच्या वर्तुळातही टीकेचा सूर आहे. शिरवळकर यांच्या तरुण नायकांभोवती एक रुबाबाचे वलय असते आणि त्यांच्या मद्यपानाला व मारामाऱ्यांना कादंबरी फारसा जाब विचारत नाही, असा एक आक्षेप आहे. स्त्रीपात्रे बहुधा नायकाच्या नजरेतून दिसतात, त्यांच्या स्वतःच्या आकांक्षा पुरेशा उलगडत नाहीत, हा दुसरा आक्षेप असून तो रहस्यकथा आणि सामाजिक कादंबऱ्या या दोहोंनाही लागू केला जातो. एकाच लेखनदृष्टीचा पुरस्कार करणाऱ्यांना हा आक्षेप टाळता येत नाही. गुण दोन्ही प्रकारांत समान असतील, तर दोषांचाही वारसा समान मानावा लागतो.

'कोसला'शी तुलना

पुण्यातील महाविद्यालयीन जीवनावरील कादंबरी म्हणून 'दुनियादारी'ची तुलना भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'शी (१९६३) वारंवार केली जाते. दोन्हींचे नायक शिक्षणासाठी पुण्यात आलेले तरुण आहेत, दोघांचेही घराशी असलेले नाते ताणलेले आहे, आणि दोन्ही कादंबऱ्यांत बोलीभाषेचा निःसंकोच वापर आहे. साम्य मात्र येथेच थांबते. 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर स्वतःच आपली कथा सांगतो; ती सांगताना तो घटनांना महत्त्व देण्याचे नाकारतो आणि कथानकाची अपेक्षा मोडून काढतो. 'दुनियादारी' कथानकावर विश्वास ठेवते. तेथे मैत्री, वैर, प्रेम आणि मृत्यू यांना नाट्यपूर्ण वळणे आहेत.

'कोसला' विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाली आणि मराठी कादंबरीच्या इतिहासातील एक टप्पा मानली गेली. 'दुनियादारी'चा प्रसार मुख्यतः वाचकांच्या तोंडून तोंडी झाला. या दोन कादंबऱ्यांतील श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याऐवजी, एकाच शहरातील एकाच वयोगटाचे चित्रण कथानक मोडून आणि कथानक उभारून अशा दोन परस्परविरुद्ध मार्गांनी कसे होते, याचा अभ्यास विद्यार्थ्यांसाठी अधिक उपयुक्त ठरतो.

रूपांतरे आणि नवा वाचक

'दुनियादारी'वर आधारित त्याच नावाचा मराठी चित्रपट १९ जुलै २०१३ रोजी, म्हणजे लेखकाच्या निधनानंतर सुमारे दहा वर्षांनी, प्रदर्शित झाला. संजय जाधव हे त्याचे दिग्दर्शक होते. स्वप्नील जोशी (श्रेयस), अंकुश चौधरी (दिग्या), सई ताम्हणकर (शिरीन), उर्मिला कानेटकर (मिनू), जितेंद्र जोशी (साई) आणि संदीप कुलकर्णी (श्रोत्री) यांच्या त्यात भूमिका होत्या. चित्रपटाला मोठे व्यावसायिक यश लाभले.

या यशामुळे वाचकचर्चेला नवे वळण मिळाले. कादंबरी आधी वाचलेल्यांना चित्रपटातील बदल, विशेषतः प्रेमकथेला दिलेले प्राधान्य आणि वेगळा शेवट, खटकले. चित्रपट आधी पाहिलेल्यांना कादंबरी अपेक्षेपेक्षा अधिक कडवट वाटली. रहस्यकथांच्या जुन्या चाहत्यांच्या मते मात्र या चित्रपटामुळे शिरवळकर यांची ओळख 'दुनियादारीचे लेखक' एवढ्यापुरतीच आकुंचित झाली.

'समांतर'वर आधारित वेबमालिकेचे पहिले पर्व मार्च २०२० मध्ये प्रसारित झाले. त्याचे दिग्दर्शन सतीश राजवाडे यांनी केले. स्वप्नील जोशी यांनी कुमार महाजनची, तर नितीश भारद्वाज यांनी सुदर्शन चक्रपाणीची भूमिका केली. दुसरे पर्व २०२१ मध्ये आले. त्याचे दिग्दर्शक समीर विद्वांस होते. त्यामुळे रहस्याच्या अंगाने जाणारा शिरवळकर पुन्हा चर्चेत आला आणि दोन्ही फळ्यांवरील वाचकांना एकमेकांची पुस्तके शोधण्याचे निमित्त मिळाले.

तुलनात्मक उदाहरणे

एकाहून अधिक प्रकारांत लिहिणाऱ्या रहस्यकथाकाराविषयी वाचकांत मतभेद होणे हे अन्यत्रही दिसून येते.

मराठीत रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. 'खेकडा'सारख्या गूढकथासंग्रहांबरोबरच त्यांनी 'अलबत्या गलबत्या' व 'निम्मा शिम्मा राक्षस' ही बालनाट्ये आणि 'लोककथा ७८' व 'आरण्यक' ही नाटके लिहिली. रंगभूमीवरील कार्यामुळे त्यांच्या प्रतिष्ठेला बळ मिळाले आणि गूढकथाही त्या प्रतिष्ठेच्या आधाराने गंभीरपणे वाचल्या गेल्या. शिरवळकर यांना असा दुसरा मान्यताप्राप्त मंच मिळाला नाही. पुण्याचे नारायण धारप (१९२५–२००८) हे भयकथेसाठी प्रसिद्ध असले तरी त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या. २०१८ च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटामागे त्यांच्या कथेची प्रेरणा होती. त्यानंतर नव्या पिढीचे लक्ष त्यांच्या पुस्तकांकडे गेले.

पुणे शहराशी संबंधित आणखी एक ठळक उदाहरण बंगाली साहित्यातील आहे. ब्योमकेश बक्षी या सत्यान्वेषी नायकाचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) हे चित्रपटलेखनासाठी मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या कथांव्यतिरिक्त त्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्या, भुताच्या कथा आणि शिवकाळातील सदाशिव या मुलाच्या साहसकथा लिहिल्या. विजयनगरच्या पार्श्वभूमीवरील 'तुंगभद्रार तीरे' या कादंबरीला रवींद्र पुरस्कार मिळाला. ब्योमकेश थोर की ऐतिहासिक कादंबरी थोर, ही चर्चा बंगाली वाचकांतही होते. परंतु तेथे गुप्तहेरकथा लिहिणे हे लेखकाच्या साहित्यिक मान्यतेच्या आड आले नाही. मराठी व बंगाली वाङ्मयव्यवहारांतील हा फरक लक्षणीय आहे.

चित्रकथांच्या क्षेत्रात मुंबईचे आबिद सुरती (जन्म १९३५) यांचे नाव घेता येते. १९७६ मध्ये इंद्रजाल कॉमिक्ससाठी त्यांनी निर्माण केलेला बहादूर हा डाकूंशी लढणारा नायक मराठीसह अनेक भारतीय भाषांतील मुलांना परिचित झाला. सुरती यांनी कादंबऱ्या, कथा, नाटके व व्यंगचित्रेही केली. तरी अनेक वाचकांच्या दृष्टीने ते बहादूरचे जनकच राहिले.

युरोपात या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे दिसतात. आर्थर कॉनन डॉईल यांनी ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे वळण्यासाठी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला कथेतच मारले. परंतु वाचकांच्या आग्रहापुढे पुढील दशकात त्यांना तो परत आणावा लागला. ग्रॅहम ग्रीन यांनी आपल्या पुस्तकांची 'कादंबऱ्या' आणि 'मनोरंजने' अशी स्वतःच विभागणी केली आणि कालांतराने ती स्वतःच सोडून दिली. जॉर्ज सिमेनॉन यांनी निरीक्षक मेग्रेवर ७५ कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांच्याबरोबरच शंभराहून अधिक स्वतंत्र, कठोर मनोविश्लेषणात्मक कादंबऱ्याही लिहिल्या. आज त्यांचे अभ्यासक दोन्ही प्रकार एकत्रच वाचतात.

जतनाचा प्रश्न

वाचकांचा हा वाद निकाली निघण्यात एक व्यावहारिक अडचण आहे. तुलना करण्यासाठी दोन्ही बाजूंची पुस्तके उपलब्ध असावी लागतात. सामाजिक कादंबऱ्यांच्या आवृत्त्या निघत राहतात, त्या ग्रंथालयांत पोहोचतात आणि विकतही मिळतात. हलक्या कागदावर छापलेल्या, भाड्याने फिरलेल्या रहस्यकथांची स्थिती वेगळी असते. अनेक हातांतून गेल्यामुळे त्यांची पाने सुटतात, मुखपृष्ठे फाटतात, आणि वाचनालय बंद झाले की उरलेली पुस्तके रद्दीत जातात. पुस्तकावर प्रकाशनवर्ष छापलेले नसेल, तर लेखनाचा क्रम ठरवणेही कठीण होते.

१९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर निर्धारित ग्रंथालयांना पुस्तकाची प्रत पाठवणे बंधनकारक आहे. मुंबईतील मध्यवर्ती ग्रंथालय हे अशा ग्रंथालयांपैकी एक होय. या कायद्याचे पालन सर्वच लहान प्रकाशकांकडून होत नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात अनुदानित ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. परंतु मर्यादित निधीत ग्रंथखरेदी करताना पाठ्योपयोगी व मान्यताप्राप्त पुस्तकांना प्राधान्य मिळते आणि जीर्ण रहस्यकथा दप्तरातून कमी केल्या जातात.

परिणामी वादाचा निकाल गुणवत्तेवर न लागता उपलब्धतेवर लागण्याचा धोका निर्माण होतो. 'दुनियादारी' वाचलेला आजचा विद्यार्थी दारा बुलंदच्या कथा निकृष्ट म्हणून नाकारत नाही. त्याला त्या पाहायलाच मिळत नाहीत. 'रहस्यकथा ही केवळ उमेदवारी होती' हे मत त्यामुळे पडताळणीविनाच प्रस्थापित होऊ शकते. अर्नाळकरांच्या बाबतीत हे मोठ्या प्रमाणावर घडले. त्यांच्या पुस्तकांची संख्या सर्वांना माहीत आहे, पण त्यांतील मोजकीच पुस्तके आज वाचली जातात.

या पोकळीत चाहत्यांच्या खासगी संग्रहांना महत्त्व येते. जुन्या बाजारातून प्रती मिळवणे, मालिकानिहाय याद्या करणे, मुखपृष्ठे व आवृत्त्या यांची नोंद ठेवणे ही कामे चाहते हौसेने करतात. लोकप्रिय साहित्याचा इतिहास लिहिताना वाङ्मयीन नियतकालिकांतील परीक्षणांइतकीच अशा नोंदींचीही मदत होते, कारण परीक्षणे या पुस्तकांच्या वाट्याला क्वचितच आली.

वाङ्मयीन स्थान

शिरवळकर यांच्या लेखनाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी विचारात घेतल्या जातात. एक म्हणजे, लोकप्रियता हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, तसाच तो तिच्या अभावाचाही पुरावा नव्हे. दुसरी म्हणजे, प्रकार ही वाचनालयाच्या फळीची सोय आहे. लेखकाच्या घडणीची सीमारेषा नव्हे. 'समांतर' रहस्यकथेच्या फळीवर ठेवली तर तिच्यातील नियतीचा प्रश्न दुर्लक्षित होतो, आणि सामाजिक कादंबरीच्या फळीवर ठेवली तर तिच्यातील रचनेचे कौशल्य. ही एक कादंबरी वाचताना जी अडचण येते, तीच अडचण शिरवळकर यांच्या एकूण साहित्याबाबतही येते. चाहत्यांमधील मतभेद कायम असले तरी, रहस्यकथा आणि सामाजिक कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्याखेरीज या लेखकाविषयी कोणतेही मत पूर्ण होत नाही, एवढ्या मुद्द्यावर त्यांच्यापैकी बहुतेकांचे एकमत होऊ शकते.